एका शब्दाची अट

आसगाव, २९ जुलै १९७९

सौ. रुखमा हिस,

मायन्यात 'अनेक आशीर्वाद' लिहायचा प्रघात आहे. पण रुसून माहेरी गेलेल्या बायकोला आशीर्वाद दिले तर ती पत्र सरळ चुलीत घालेल, म्हणून नुसतंच 'हिस' लिहून थांबतो.

दिल्लीचं सरकार आणि माझं सरकार एकाच आठवड्यात पडलं. दिल्लीचं का पडलं ते मला समजावून सांगता येतं. पवनीच्या स्टँडवर तू गाडीत बसल्यावर मी तेच तर सांगत होतो, बहुमत म्हणजे काय आणि ते कसं जातं. तेवढ्यात गाडी सुटली. खिडकीतून तूही काहीतरी म्हणत होतीस. मला वाटलं, असेल काही लोणच्याच्या बरणीबद्दल. शेवटचा मुद्दा राहिला होता, तो मी गाडीमागे पळत पळत पुरा केला. तू हसली नाहीस. कंडक्टर मात्र हसला.

रोवणीपुरती माहेरी जाते म्हणालीस. रोवणी संपली, धान हिरवं झालं, पण तुझा पत्ता नाही. तुझी अट मला पाठ आहे. उन्हाळ्यात दिघोरीच्या लग्नात सत्यभामा काकूने सगळ्या बायांसमोर तुला विचारलं, "रुखमे, जवाई काय करतेत वं?" तू म्हणालीस, "बी. ए. झाले." त्यावर काकू म्हणाल्या, "ते झाले. करतेत काय?" आणि तुझ्याजवळ सांगायला एकही शब्द नव्हता. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तू मला म्हणालीस, "जवा मले एका शब्दात सांगता येईन, तवा न्यायले या."

बरं, मान्य. कॉलेजात सर सांगायचे, राज्यशास्त्राच्या पदवीधराला सगळे दरवाजे उघडे आहेत. तहसीलदार, वकील, मास्तर, पत्रकार, पुढारी. मी एकेक दरवाजा ठोठावणार आहे. हे मी बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "कोठ्याचा बी दरवाजा ठोठाव. शेण काढाचं हाय."

माय तुझी आठवण काढते. मी काढतो असं लिहिलं तर तुझा भाव वाढेल, म्हणून लिहीत नाही.

तुझा,
ताराचंद, बी. ए. (राज्यशास्त्र), द्वितीय श्रेणी

आसगाव, १४ ऑगस्ट १९७९

सौ. रुखमा हिस,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर दोनच शब्द: "कामाचं लिहा." कामाचंच लिहितो.

तहसीलदारकीची परीक्षा पुढल्या वर्षी आहे. तोवर तू दिघोरीलाच राहिलीस तर सत्यभामा काकू तुला दत्तक घेतील, म्हणून तो दरवाजा मी सध्या लोटून ठेवला.

मग वकिली. भंडाऱ्याला एका मोठ्या वकिलांना भेटलो. ते म्हणाले, "नागपूरला तीन वर्षं कायदा शिका. तोपर्यंत माझ्याकडे येऊन बसा, पक्षकारांशी बोला." बोला म्हटल्यावर मला काय हवं होतं? पहिल्याच दिवशी एक म्हातारा बैलाच्या भांडणासाठी आला. वकीलसाहेब कोर्टात गेलेले. मी त्याला मूलभूत हक्क समजावून सांगायला बसलो. साहेब परत आले तेव्हा म्हातारा नव्हता. शेजारच्याला सांगून गेला होता, "बैल गेला तं गेला, बापा." दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, तुम्ही शिक्षक का होत नाही?

म्हणून शिक्षक झालो. हसू नकोस. पलीकडच्या गावच्या शाळेतले मास्तर आजारी होते, त्यांच्या जागेवर महिनाभर नागरिकशास्त्र शिकवायचं होतं. मला वाटलं, लोकशाही काय नुसती फळ्यावर शिकवायची? म्हणून सातवीत मॉनिटरची निवडणूक घेतली. अर्ज, चिन्हं, प्रचार, सगळं रीतसर. पोरांना इतकं आवडलं की वर्गात दोन पक्ष झाले. हरलेला पक्ष सभात्याग करून जो गेला तो थेट नदीवर पोहायला. त्यांना शोधायला निवडून आलेला पक्ष गेला, तोही तिकडेच राहिला. मुख्याध्यापक भले माणूस. ते म्हणाले, "ताराचंदराव, सरकार शिकवाचं असते, पाडाचं नसते." आणि कायमच्या नोकरीला बी. एड. लागते हेही त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं.

तेव्हा अजून तरी शब्द सापडलेला नाही. पण दोन दरवाजे कमी झाले हे काय थोडं झालं?

मामाजींना नमस्कार सांग. पाय दुखतात म्हणे त्यांचे. त्यांना सांग, मोहाचं तेल लावा.

तुझा,
ताराचंद, बी. ए. (राज्यशास्त्र)

आसगाव, ६ सप्टेंबर १९७९

सौ. रुखमा हिस,

"वकिलाले बोलाचे पैसे भेटते. तुमी फुकट बोलता." हे वाक्य तू स्वतः रचलंस की काकूने सांगितलं? काहीही असो, बाबांना फार आवडलं. पोळ्याला घरी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते वाचून दाखवलं.

आता मी पत्रकार झालो होतो. 'होतो' या शब्दावर थांबू नकोस, पुढे वाच. नागपूरच्या एका दैनिकाला खेड्यापाड्यांतले वार्ताहर हवे होते. आपल्या नाल्यावरचा पूल खचला ते तुला बाबांनी कळवलंच असेल. त्यावर मी चार पानं लिहिली. पूल कोणी बांधला, ग्रामपंचायतीचे अधिकार कोणते, जिल्हा परिषदेचे कोणते, आणि सत्तेचं विकेंद्रीकरण न झाल्यास अजून किती पूल खचतील. रोज पवनीला जाऊन पेपर बघायचो. शेवटी एकदाची बातमी आली. पाचव्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली: "आसगाव : पूल खचला."

चार पानांची तीन शब्दांत वासलात. माझं नावही नाही. माय म्हणाली, "छापून आलं ना? मंग तोंड काहून पाडलं?" तिने ते कात्रण देवघरात ठेवलंय.

मला माहीत आहे तू काय लिहिशील. "तीन शब्द जमले, आता दोन कमी करा."

आता एकच दरवाजा उरला, आणि तोच खरा राज्यशास्त्राचा. भय्याजी ग्रामपंचायतीला उभे आहेत. त्यांना प्रचाराला शिकलेला माणूस हवा आहे. भोंगा, बॅटरी आणि बैलबंडी त्यांची, तोंड माझं. ते निवडून आले तर मला पंचायत समितीत कुठेतरी चिकटवतो म्हणाले. म्हणजे हा दरवाजा सरळ आत उघडतो.

इथे धान छान आहे. पण पोळ्यापासून पाऊस नाही. बाबा रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन उभे राहतात आणि काही न बोलता परत येतात.

मलाही घरात बोलायला कोणी नाही. हे वाक्य मी खोडणार होतो, पण राहू दे.

तुझा,
ताराचंद, बी. ए.

आसगाव, २८ सप्टेंबर १९७९

रुखमा,

भय्याजी पडले.

माझा गळाही बसला. बसला म्हणजे पार गेला. भय्याजी म्हणत होते, "बाबू, फक्त माहं नाव आन् निशाणी सांग, कंदील. बाकी काही नोको." पण वॉर्ड म्हणजे काय हे न सांगता मत कसं मागायचं? आठवडाभर भोंग्यातून वॉर्ड समजावला. शेवटच्या दिवशी कंदील म्हणायची वेळ आली तेव्हा घशातून नुसती हवा निघाली. पवनीचे बाबूलाल वैद्य म्हणाले, दिवाळीपर्यंत एक शब्द बोललास तर आवाज कायमचा जाईल.

मायने शेजाऱ्यांकडून लहान पोराची पाटी मागून आणली आहे. काही हवं असलं की त्यावर लिहून दाखवतो. मायला वाचता येत नाही, त्यामुळे परवा 'मीठ' मागितलं तर तिने घोंगडं आणून दिलं.

सगळे दरवाजे संपले. यापुढे काय लिहावं ते सुचत नाही. तू हसत असशील तर हस. निदान एक तरी माणूस हसेल.

ताराचंद

आसगाव, ११ ऑक्टोबर १९७९

रुखमा,

हे पत्र सावकाश वाच. मामाजींनाही वाचून दाखव, त्यांच्याही धानाच्या बांध्या तलावाखाली आहेत, त्यांना कळेल.

पाऊस आलाच नाही. उशिरा कापायचं भारी धान पोटरीत येऊन उभं आहे आणि बांध्यांना भेगा पडल्यात. तलाव निम्मा आहे. तेवढं पाणी सगळ्यांना पुरतं, पण एकाच अटीवर: आधी खालच्या टोकाला जाऊ द्यायचं. वरच्यांचं धान बरंचसं हलकं, ते दिवाळीच्या आत कापायचं, त्याला आता पाण्याची फारशी गरज नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण पाट जातो तो वरच्या श्रावणच्या बांधीतून, आणि श्रावण पाणी पुढे जाऊ देईना. बांधीच्या तोंडाशी पावडा घेऊन बसला. खालचा तुलाराम म्हणाला, जाऊ देत नसशील तर तुझ्या डोक्यावरून नेतो. दोघांच्या मागे माणसं जमली. शेवटी देवळासमोर बैठक बसवली.

खरं तर जायचं होतं बाबांनी. ते मला म्हणाले, "माही एक बांधी वरतं, एक खालतं. मी गेलो तं दोनीकडून शिव्या. तू जाय. तुले बोलता येत नाही हे लय चांगलं हाय."

मी गेलो. तुला खरं सांगतो, खिशात भाषण होतं. पाण्यावरचा समान हक्क, लिहून काढलेला, कोणाकडून तरी वाचून घेणार होतो. पण लोकांनी मला बघितलं आणि थेट ओट्यावर बसवलं. बी. ए. झालेला, वर बांधी, खाली बांधी, पक्ष कोणताच नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी घशाकडे बोट दाखवलं. कोणाला काही कळलं नाही. मग पाटी काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: बोला.

तुलाराम बोलला. बराच बोलला. मग मी पाटी श्रावणकडे वळवली. तो म्हणाला, "पाणी नाही देत म्हंजे नाही देत," आणि खाली बसला. एरवी इथेच मी उठलो असतो. उठून त्याला कायदा सांगितला असता, तो आणखी ताठला असता, आणि संध्याकाळपर्यंत डोकी फुटली असती. पण मी काय करणार? दुसरं काही लिहायला गेलो तर पाटीवरची पेन्सिल मोडली. म्हणून तीच पाटी पुन्हा वर केली. बोला.

श्रावण पाटीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. आणि हळूच म्हणाला, "बोलू काय? मागच्या साली माह्या बांधीतून पाणी गेलं. माहा धुरा फुटला, पुरा बांध वाहून गेला. मी तापानं पडलो होतो. माही धुरपता एकटी चिखल थापत होती दिवसभर. खालचं एक माणूस आलं काय पावडा घेऊन? पाणी पायजे सगळ्याईले. धुरा कोणाले नाही पायजे."

तुलाराम म्हणाला, "मंग तवा सांगतलं काहून नाही?"

"इचारलं कोनं?"

तुलाराम रागीट माणूस आहे, पण मनाने खोटा नाही. डोक्याचा दुपट्टा काढून कमरेला बांधला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "काय पायता रे? पावडे आणा."

त्याच दुपारी खालची सगळी मंडळी श्रावणच्या बांधीवर गेली. मीही गेलो. धुरा दोन्ही अंगांनी थापून असा पक्का केला की त्यावरून बंडी जाईल. धुरपताबाईने सगळ्यांना चहा पाजला. मला म्हणाली, "भाऊजी, तुमी लय चांगलं बोलले." मी तर एक अक्षर बोललो नव्हतो गं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडलं. शेवटच्या बांधीत पोचलं तेव्हा बाबा पाळीवर उभे होते. या खेपेला घरी आल्यावर बोलले. "झालं," म्हणाले.

ते भाषण अजून खिशातच आहे. मायने सदरा धुवायला घेतला की जाईल.

तुझा,
ताराचंद

आसगाव, १८ ऑक्टोबर १९७९

रुखमा,

ऐक, शब्द सापडला. पण तो वाचायच्या आधी खाली बस.

काल लक्ष्मणराव घरी आले. आपल्या गावच्या सेवा सहकारी संस्थेचे अध्यक्ष. बैठकीला ते मागे तंबाखू मळत बसले होते, मी पाहिलंही नव्हतं. त्यांनी विचारलं, "बी. ए. कोणत्या इषयात?" मी पाटीवर लिहिलं, राज्यशास्त्र. ते म्हणाले, "चालते. आमच्या संस्थेत रोज एक राज्य पडते." संस्थेचा गटसचिव बदलून गेलाय आणि त्याची जागा रिकामी आहे. तीन महिने काम पाहणार आणि मग कायम करणार. लक्ष्मणरावांनी वर पाठवायचं पत्र माझ्यासमोरच लिहिलं.

गटसचिव! एक शब्द, एका दमात म्हणता येतो. आता पाणवठ्यावर जा आणि सत्यभामा काकूने विचारायची वाट पाहा. नाही विचारलं तर तूच विषय काढ.

आज पहिला दिवस होता. खुर्चीला एकच हात आहे, पण बसता येतं. खतासाठी आलेली माणसं होती, पाच मिनिटांचं काम आणि तासाची कहाणी. वैद्यांनी घसा बघून आता बोलायला हरकत नाही म्हटलंय. आणि गंमत अशी की बोलावंसंच वाटेना. एक म्हातारी आली, तिला खत नकोच होतं. तिला कोणाला तरी सांगायचं होतं की मुलगा कारखान्यात लागल्यापासून पत्र पाठवत नाही. मी तिचं सगळं ऐकलं. मग तिच्या मुलाला पत्र लिहून दिलं. घरी येताना वाटेत मला एकदम पवनीचं स्टँड आठवलं.

रुखमा, त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून तू काय म्हणत होतीस? लोणच्याचं नव्हतं, हे मला आता कळतंय. लोणच्याचं कोणी तीनदा म्हणत नाही, आणि डोळे पुसत तर नाहीच. मी तेव्हा दिल्लीत होतो. आता इथे आहे. सांगशील का?

न्यायला कधी येऊ तेही कळव. पण आधी ते सांग.

तुझा,
ताराचंद

दिघोरी, २५ ऑक्टोबर १९७९

तुमाले नमस्कार.

तुमचं पत्र भाऊबिजेच्या दिवशी भेटलं. बाबाले वाचून दाखवलं. मागचं धुऱ्याचं पत्रबी त्याईनं दोनदा वाचाले लावलं. म्हणे आपल्याबी गावात असाच एक श्रावण हाय, जवाईले पाटी घेऊन बोलाव.

काल पाणवठ्यावर सत्यभामा काकू होती. मी वाटच पाहून राहिली होती. तिनं इचारलं, "रुखमे, जवाई काय करतेत वं?" सगळ्या बाया थांबल्या. गटसचिव म्हणाचं पाठ करून गेली होती मी. पण तोंडातून भलतंच निंगालं. म्हटलं,

"आयकते."

काकूनं पाणी भराचा गुंड खाली ठेवला. म्हणे, "खरं सांगतं काय वं?" मी म्हटलं, खरं. तवा म्हणे, "आमच्या घरी तं चाळीस साल झाले, कोनी आयकलं नाही." मंग तीच बोलत बसली. पाणी भराचं राहूनच गेलं सगळ्याईचं.

खिडकीतून मी म्हटलं होतं, "चला ना संग." मले एकटीले जावाचंच नव्हतं. तिनदा म्हटलं.

आमच्या गावची मंडईची जत्रा येत्या मंगळवारी हाय. रातभर दंडारीचा खेळ पाहू, मंग दुसऱ्या दिवशी संगच निंगू. पाटी आणजा. मले लय बोलाचं हाय.

रुखमा